पालकमंत्री महोदय, ग्रंथालयात एक टेबल मांडा

प्रति,
माननीय पालकमंत्री, अमरावती जिल्हा
माननीय पालकमंत्री, अकोला जिल्हा



जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपल्यासमोर रस्ते, पाणीपुरवठा, शाळाखोल्यांची दुरुस्ती, संत्र्याची फळगळ, कपाशीवरची बोंडअळी असे विषय येतात. ते आलेच पाहिजेत. त्या विषयपत्रिकेत एक लहानसा विषय वाढवावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. अर्ज करून आवक-जावक नोंदवहीत नंबर घेता आला असता. पण ज्यांच्यासाठी मागतो आहे ती मुले आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोणाला दिसतच नाहीत. त्यांच्याबद्दल आधी चारचौघांत बोलले जावे, म्हणून हे उघड लिहितो आहे.

मागणी अशी आहे. अमरावतीला आणि अकोल्याला, शासकीय ग्रंथालयात, एकेक मोठे टेबल मांडावे. त्यावर प्लास्टिकच्या जोडठोकळ्यांची भरपूर मिश्र रास असावी. शेजारी एक काचेचे कपाट असावे, कारण अर्धे झालेले काम न मोडता पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवता आले पाहिजे. तेरा ते अठरा या वयाच्या कोणत्याही मुलामुलीला तिथे बसता यावे. ‘हे काय बनवतो आहेस आणि त्याचा उपयोग काय’ असे तिथे कोणी विचारू नये.

ठोकळे म्हटले की बालवाडी डोळ्यांपुढे येते. मी म्हणतो ती मुले वेगळी. बाजारात मिळणाऱ्या डब्यात तुकडे मोजून भरलेले असतात, सोबत पुस्तिका असते, तिच्यातल्या चित्राबरहुकूम तुकडे लावत गेले की डब्यावरची मोटार तयार होते. पुष्कळ मुले तिथे थांबतात. थोडी मुले मात्र ती मोटार काही दिवसांनी मोडतात, आणखी दोन डब्यांतले तुकडे त्यात मिसळतात, पुस्तिका बाजूला ठेवतात आणि जगात नसलेले काहीतरी बांधायला बसतात. उडते जहाज, पाण्याखालचे नगर, तीन पायांचा राक्षस, कोणत्याही नकाशात नसलेला किल्ला. जगभर या छंदातले लोक अशा स्वतःच्या रचनेला ‘एमओसी’ म्हणतात आणि तिला पुस्तिकेवरून केलेल्या कामापेक्षा फार वरचा मान देतात. आपल्याकडे त्या रचनेला नाव नाही आणि मानही नाही. ती पलंगाखाली खोक्यात असते.

मी अमरावतीत चित्रकला शिकवत आलो आणि शिकवण्याच्या निमित्ताने दोन्ही शहरांतल्या घरांत माझे जाणे-येणे राहिले. अकोल्यातल्या एका घरात दहावीतल्या मुलाने मला त्याचा प्राणी दाखवला. धड रोह्याचे, तोंड मगरीचे, खांद्यांतून निघालेले दोन पंख. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला रोही म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, रात्रीतून उभे पीक फस्त करणारे ते जनावर, म्हणजे नीलगाय. या मुलाच्या आजोळी शेत आहे. कुंपण घातले तरी रोही उडी मारून येतात हे त्याने लहानपणापासून ऐकले होते, म्हणून त्याच्या रोह्याला पंख फुटले. मगरीचे तोंड काहून, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, त्याले पिकाचं खाणं सोडवायचं होतं. आता तो मासोळ्या खाते.” एका वाक्यात त्याने शेतकऱ्याचा प्रश्न सोडवला होता आणि रोह्याचाही जीव वाचवला होता. त्याच वेळी आजी आतून म्हणाली, “दहावीत गेला अन् अजून ठोकळेच खेळून राह्यला. सांगा त्याले काही.” मी काही सांगितले नाही. मला त्याच्याकडून पंखांची जोडणी समजून घ्यायची होती.

ती जोडणी मी आपल्यालाही थोडी समजावून सांगणार आहे, कारण या कामात किती डोके लागते हे कळल्याशिवाय टेबलाची मागणी पोरकट वाटेल. या ठोकळ्यांच्या वर जे गोल उंचवटे असतात त्यांच्यातले अंतर ८ मिलिमीटर असते. साध्या ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची ३.२. तीन पट्ट्या म्हणजे एक ठोकळा, हे लहान मूलही चटकन ओळखते. पण पाच पट्ट्या एकावर एक चढवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन उंचवट्यांची रुंदीही १६ मिलिमीटरच. हे ज्या दिवशी हाताला कळते त्या दिवशी मुलगा फक्त खालून वर बांधायचे सोडून देतो. तो ठोकळा कुशीवर आडवा बसवतो, उलटा टांगतो, आणि तरी सगळे मापात बसते. प्राण्याचा गाल गोल होतो, पाठीला उतार येतो, खवले एकावर एक चढतात. ही भूमिती फळ्यावर शिकवायला मला वेळ लागला असता. त्याने ती जमिनीवर मांडी घालून, कोणी न शिकवता शोधली होती.

पुढचा प्रश्न वजनाचा. मगरीचे तोंड लांब, म्हणजे पुढे भार जास्त. मानेला त्याने गोळी-खोबणीचा सांधा लावला होता. तो फिरतो छान, पण भार पेलत नाही. “डोकं जड झालं तं मान लटकून राह्यली,” तो म्हणाला. मग त्याने जबड्यातून तुकडे काढून तो पोकळ केला, शेपटी लांबवली, शेपटीच्या टोकाशी भरीव ठोकळे घातले आणि मागचे पाय थोडे पुढे घेतले. तराजूचा नियम विज्ञानाच्या पुस्तकात त्याने वाचलेला असणार. इथे त्याला तो लागला. पंखांचे दुखणे आणखी अवघड होते. ते पसरले की खाली झुकत, म्हणून त्याने बिजागरीचे दात असलेला तुकडा वापरला, कारण दात ठरावीक कोनावर अडकतात आणि तिथेच राहतात. या छंदात काही जोडण्या ‘बेकायदा’ मानल्या जातात. तुकडा जबरदस्तीने बसतो, पण प्लास्टिकवर ताण येतो आणि काही दिवसांनी त्याला चीर जाते, अशा त्या जोडण्या. त्याला कोणी बघत नव्हते, गुण मिळणार नव्हते, तरी तशी एक जोडणी त्याने स्वतःहून काढून टाकली होती. कामाशी इतका प्रामाणिकपणा मी मोठ्या कारागिरांत पाहिला आहे.

या ठोकळ्यांची जन्मकथा थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यातला सुतार ओले किर्क क्रिस्टियानसेन याने मंदीच्या काळात, १९३२ साली, लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. तीच लेगो कंपनी. प्लास्टिकचे जोडठोकळे लेगोने करण्याआधी इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज या गृहस्थाने केले होते. पण ते घट्ट धरत नसत. क्रिस्टियानसेनच्या मुलाने, गॉटफ्रेडने, ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या साली बनलेला ठोकळा आज बनलेल्या ठोकळ्यात घट्ट बसतो, कारण साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त फरक चालवून घेतला जात नाही. जोडणीच्या पुस्तिका डब्यात यायला लागल्या १९६४ पासून. म्हणजे आधीची मुले पुस्तिकेविनाच बांधत होती.

एक आकडा मात्र आपण लक्षात ठेवावा असा आहे. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे घेतले तर ते २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. सहा घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकारे. हा हिशेब कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने केला, कारण त्याआधी सांगितला जाणारा आकडा फक्त एकावर एक चढवलेल्या सहा मजल्यांच्या मनोऱ्यांपुरता होता. सहा ठोकळे मुठीत मावतात. पुस्तिका त्यातला एकच प्रकार सांगते.

आता आपल्या व्यवस्थेत या मुलांना कुठे जागा आहे ते पाहू. शाळांमधून विज्ञान प्रदर्शने भरतात. केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे, तिच्यात निवड झालेल्या विद्यार्थ्याला कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. ती चांगली योजना आहे आणि खेड्यांतल्या मुलांना तिचा फायदा झालेला आहे. पण तिथे कल्पना समाजाच्या उपयोगाची असावी लागते. फवारणीचे सोपे यंत्र चालेल, पंख असलेला रोही चालणार नाही. निती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २० लाखांपर्यंतच्या अनुदानातून काही शाळांत उभ्या राहिल्या. तिथे सेन्सर आहेत, त्रिमिती छपाईचे यंत्र आहे, यंत्रमानवाचे संच आहेत, आणि पुन्हा एखादी समस्या सोडवायचे बंधन आहे. शासनाच्या रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, यांच्यासाठी मी मुले तयार केली. त्यात वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, आणि सगळे कागदावर. या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना बसवतातही. हातात धरून फिरवता येईल, खालून-वरून पाहता येईल अशी मनातली वस्तू यांतल्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

उरलेला वेळ शिकवणीचा. अकोला हे शिकवणी वर्गांचे मोठे ठिकाण झाले आहे. वाशीम, बुलढाण्याहून मुले खोली घेऊन राहायला येतात, डॉक्टर होण्याची परीक्षा द्यायला. मी त्या मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष देणार नाही. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडायचा तो एक रस्ता लोकांना दिसतो आणि तो खरा आहे. पण सोळाव्या वर्षी ज्याचे मन आपोआप आकार शोधत असते, त्याला आठवड्यातले दोन तास त्यासाठी सन्मानाने मिळावेत, चोरून नव्हे. दोन तासांनी कोणाची वैद्यकीय प्रवेशाची जागा जाणार नाही.

हे खेळणे परदेशी, ड्रॅगन परदेशी, राक्षसांची जहाजे परदेशी, आपल्या मुलांना आपले काही का सुचत नाही, असा आक्षेप मी सभांमधून ऐकला आहे. ज्यांना तसे वाटते त्यांना मी चिखलदऱ्याला, गाविलगडावर घेऊन जाईन. तिथल्या दिल्ली दरवाजावर दगडात सिंह आहेत, हत्ती आहेत आणि हत्तींना धरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे. तो गंडभेरुंड. असा पक्षी सातपुड्यात कधी उडाला नाही आणि इतर कुठेही उडाला नाही. कोणीतरी तो मनात जुळवला, दुसऱ्या कोणीतरी तो दगडात उतरवला, आणि वऱ्हाडच्या सर्वांत बलाढ्य किल्ल्याचे दार राखायला त्याला बसवले.

तो इथे आला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. गाविलगड १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहाने बांधला. पुढे वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची दुरुस्ती केली, आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन इमादशाही सुरू केली. त्याची राजधानी अचलपूर. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घरातला मुलगा. बहमनी फौजेने लढाईत पकडून त्याला इकडे आणले होते. गंडभेरुंड कर्नाटकात घरोघरी ओळखीचा, आजही त्या राज्याच्या बोधचिन्हावर तो आहे. मला वाटते, लहानपणी पाहिलेला पक्षी त्या मुलाच्या मनात राहिला असणार आणि सत्ता हाती आल्यावर तो दारावर चढला असणार. याला कागदोपत्री पुरावा माझ्याजवळ नाही, पण दाराकडे पाहताना दुसरे काही सुचत नाही. बाहेरून आलेला पक्षी पाचशे वर्षांत वऱ्हाडी झाला. मग अकोल्यातल्या मुलाच्या ड्रॅगनला आपण परका का म्हणावे? त्याला इथल्या रोह्याचे पाय फुटलेले मी पाहिले आहेत.

अकोल्याच्या लोकांना तर मनातले मोठे आकार बांधून रस्त्यावर आणण्याचा अभ्यासच आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला घालायला कावडी निघतात. एकेका कावडीला शेकड्यांनी भरणे, म्हणजे पाण्याच्या घागरी, बांधलेले, पालख्यांवर देखावे. एवढा बोजा खांद्यावर घेऊन चालताना कावड डोलते, पण कलत नाही. तिची बांधणी कोण करते? मंडळातले पोट्टेच करतात. बल्ली कुठे घ्यायची, दोर कसा ओढायचा, पुढचा आणि मागचा भार कसा सारखा करायचा, हे त्यांना कोणी महाविद्यालयात शिकवलेले नसते. त्यांच्याकडे कौतुकाने पाहणारे शहर घरात बसून तेच डोके चालवणाऱ्या मुलाला रिकामटेकडा म्हणते, याचे मला वाईट वाटते.

आणि मुळात आपली मुले नेहमीच बांधत आली आहेत. पोळ्याला मातीचे बैल, भुलाबाईच्या दिवसांत मातीची भुलाबाई आणि भुलोजी. या सगळ्यात मला सर्वांत हुशारीची वाटते ती धांड्यांची गाडी. ज्वारी निघाली की धांडे उरत. धांड्याची साल सोलायची, आतल्या पांढऱ्या भेंडाचे बोटभर तुकडे करायचे, सालीच्या काड्यांना टोक काढून त्या भेंडात खुपसायच्या. तुकडा म्हणजे ठोकळा, काडी म्हणजे जोड. एवढ्यावर चाक, जू, साटा, धुरा, बैल आणि गाडीवानसुद्धा व्हायचा. आवडले नाही तर काडी उपसून पुन्हा जोडायचे. बिलुंडच्या सुताराने जे प्लास्टिकमध्ये केले त्याचे मर्म वऱ्हाडातल्या गुराख्याच्या पोराला ठाऊक होते: थोड्या प्रकारचे तुकडे, सगळ्यांना चालणारा एकच जोड, आणि मोडून पुन्हा करायची मुभा.

ते साहित्य फुकट होते. शेतात पडलेले असायचे, हवे तेवढे घ्यायचे. मग ज्वारी मागे पडली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटारातून गाडी होत नाही. गावातला मुलगा शहरात आला, अंगण गेले, मातीही गेली. आता बांधायचे तर तुकडे दुकानातून आणावे लागतात, आणि हे तुकडे महाग आहेत. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असल्याशिवाय खेळणी विकता येत नाहीत. देशी कारखाने उभे राहावेत आणि लहान मुलांच्या तोंडात वाईट प्लास्टिक जाऊ नये, हे दोन्ही हेतू मला मान्य आहेत. परिणाम असा झाला की चांगल्या मापाचा मोठा संच हजारो रुपयांना जातो, आणि स्वस्तातल्या ठोकळ्यांत एका डब्यातला तुकडा दुसऱ्या डब्यातल्याला धड बसत नाही. इथे माप चुकले की सगळेच संपते. ज्याचे मन मोठी रचना मागते त्याला ढीगभर तुकडे लागतात, आणि तो ढीग अमरावतीत मोजक्या घरांनाच परवडतो. बाकीच्यांच्या मनातले प्राणी मनातच राहतात. ज्या काळी धांडे सगळ्यांचे होते तेव्हा हा भेद नव्हता. म्हणून हे टेबल सरकारकडे मागतो आहे. पुस्तके महाग म्हणून आपण ग्रंथालये काढली आणि १९६७ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. तुकड्यांची रास त्याच न्यायाने सार्वजनिक व्हावी.

खर्चाची काळजी करू नका असे मी म्हणणार नाही, पण तो फार नाही, आणि तो कमी करायचे रस्ते आहेत. नावीन्यपूर्ण योजनांसाठी जिल्हा नियोजनात दरवर्षी काही रक्कम बाजूला ठेवलेली असते. तिच्यातून एकदाच घेतलेली रास वर्षानुवर्षे चालेल. हे प्लास्टिक सहजी झिजत नाही, उन्हाने पांढरे तुकडे पिवळे पडतात एवढेच, त्यामुळे कपाट खिडकीपासून दूर ठेवावे. शिवाय दोन्ही शहरांत पुष्कळ घरांच्या माळ्यांवर शिकून पुण्याला गेलेल्या मुलांचे ठोकळे पडून आहेत. आवाहन केले तर लोक आणून देतील. मापात न बसणारे वेगळे काढायचे काम मुलेच करतील, त्यांची बोटे आपल्यापेक्षा तयार असतात.

एक संगणकही लागेल. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या माणसाने १९९५ मध्ये एल-ड्रॉ नावाची आज्ञावली केली आणि ती जगाला फुकट दिली. दोनच वर्षांत तो वारला, पण छंदी लोकांनी ते काम चालू ठेवले. त्यानंतर स्टुडिओ नावाची आणखी सोपी आज्ञावली आली, तीही विनामूल्य आहे. पडद्यावर कोणत्याही आकाराचे, कोणत्याही रंगाचे, हवे तेवढे तुकडे घेऊन बांधता येते. दर्यापूरहून किंवा अकोटहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या मुलीला राशीत न सापडलेला तुकडा तिथे सापडेल, आणि हाताने करायच्या आधी रचना तपासून पाहता येईल. मात्र संगणकावरच भागवा असे कोणी सुचवले तर ते मान्य करू नये. पडद्यावर मान लटकत नाही. वजन फक्त हाताला कळते.

ज्यांना लेगोचे नावच नको असेल त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातला दाखला आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये अभियंता झाले, पुण्याला टेल्कोत नोकरी करत असताना होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्यातून सांधे करायला शिकवले. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि दोन्ही बाजूंनी खुपसलेल्या काड्या. त्रिकोण, चौकोन, घन, घर, काहीही होते. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टेबलावर ठोकळ्यांच्या राशीशेजारी काड्या आणि नळ्यांचा डबाही ठेवा. खर्च जवळपास शून्य. पंखांचा सांगाडा त्याने फार सुंदर होतो, हे मी करून पाहिले आहे.

एका गोष्टीत मात्र मी आग्रही राहणार आहे. टेबल मांडल्यावर तिथे स्पर्धा घेऊ नये. आपल्याकडे मुलांना काही दिले की लगेच विषय दिला जातो: पाणी वाचवा, स्वच्छ शहर, माझे स्वप्नातले गाव. मग परीक्षक, प्रमाणपत्र, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस. पहिल्याच वर्षी पालक मागे उभे राहून मुलाच्या हातातला तुकडा घेतील आणि स्वतः लावतील. चित्रकला स्पर्धांत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राक्षसाच्या हातात झाडू देऊन त्याला स्वच्छतेचा संदेशही द्यायला लावतील. विषय नको, क्रमांक नको. दरवर्षी जिल्ह्यात ग्रंथोत्सव होतो, त्यात एक लांब मेज या रचनांसाठी राखून ठेवावे. रचनेशेजारी ती करणाऱ्याचे नाव असावे आणि त्याला लिहावेसे वाटले तर त्या प्राण्याची किंवा नगराची हकीगत असावी. मुले एकमेकांच्या सांध्यांकडे बघतील, “हे कसं बसवलं बे तू?” असे विचारतील, आणि तिथेच खरी शाळा भरेल. अमरावतीचा मुलगा अकोल्याच्या मुलीला आजवर भेटलेला नाही. शंभर किलोमीटरच्या आत राहून दोघांनाही वाटते की असले वेड आपल्या एकट्याचेच.

मुलींबद्दल वेगळे लिहितो, कारण त्यांची आठवण कोणाला राहत नाही. दुकानदार ठोकळे मुलांच्या फळीवर लावतात. घरातला संच भावाचा असतो. भुलाबाईचा सगळा संसार, घर, झाड, बैल, मातीतून मांडणाऱ्या मुलींच्या हातात बांधणीची समज नाही असे वऱ्हाडात तरी कोणी म्हणू नये. टेबलाच्या वेळा ठरवताना त्यांना दिवसाउजेडी घरी पोहोचता येईल हे पाहावे.

तेरा ते अठरा हीच वयोमर्यादा का, असेही विचारले जाईल. लहानांसाठी अंगणवाडी आहे, बालभवने आहेत, बागेतल्या घसरगुंड्या आहेत. मोठ्यांसाठी व्यायामशाळा आहेत. अमरावतीत तर १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याने या शहराच्या पोरांचे शरीर घडवले. मिसरूड फुटलेल्या, आवाज फुटलेल्या, लाजऱ्या, एकट्या बसणाऱ्या मुलाला शरीराशिवाय दुसरे काही घडवायचे असेल तर दोन्ही शहरांत त्याला बसायला जागा नाही. चहाची टपरी आहे आणि मोबाइल आहे.

सुरुवात उन्हाळ्यात करावी असे माझे सुचवणे आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, सकाळी अकरानंतर मुलाला मैदानावर पाठवता येत नाही आणि संध्याकाळ होईपर्यंत घरात कोंडून ठेवावे लागते. सुटी असते. ग्रंथालयाची खोली आणि एक मोठा कूलर एवढ्यावर ती दुपार कारणी लागेल. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आपण एक पत्र दिले तर जागेची पाहणी मार्चमध्येच होऊ शकेल. ठोकळ्यांची खरेदी करताना वेगवेगळ्या कंपन्यांचा माल मिसळू नये, मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे, आणि पुस्तिकेचे तयार संच न घेता सुटे, साधे तुकडे जास्त घ्यावेत. चाके, बिजागऱ्या, गोळी-खोबणीचे सांधे आणि चपट्या पट्ट्या यांचे प्रमाण मोठे ठेवावे. पुरवठादार डब्यावरची चित्रे दाखवतील, त्याला भुलू नये. हवी असल्यास यादी मी करून देतो.

अमरावतीच्या टेबलाशी दर शनिवारी दुपारी बसायची, तुकडे मोजून घ्यायची आणि कपाटाची किल्ली सांभाळायची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. मानधन नको. अकोल्यातही माझ्या ओळखीचे दोघे शिक्षक राजी आहेत. आपल्याकडून जागा, रास आणि कपाट मिळावे, आणि मार्च संपण्याआधी होकार किंवा नकार, जे असेल ते, कळवावे.

आपला,
अमरावतीतील एक चित्रकला शिक्षक